पहिला शब्द

जेल रोडवर तो दोनशे वीसला मिळाला.
अंगावर कंपनीचं नाव नाही, गावाचं नाही,
फक्त चौसष्ट हा आकडा, तोही नखानं निघेल असा.
"वारंटी?" मी विचारलं.
"दीदी, दुकान की सीढ़ी तक,"
म्हणाला पोरगा, आणि हसला
खोटं न बोलल्याच्या समाधानानं.

शाल्मलीची पुण्याची बस नऊला.
साडेपाचला मी तो लॅपटॉपला खोचला
आणि आईची अकरा नाटकं त्यात ओढली.

आईची म्हणजे, आई त्यात कुठेच दिसत नाही.
बावीस गणेशोत्सव तिनं प्रॉम्प्टिंग केलं,
डाव्या विंगेत, स्टुलावर,
चाळीसच्या बल्बखाली वही धरून.
नीट कान दिला तर एखाद्या वाक्याच्या आधी
त्याच वाक्याचं कुजबुजतं टोक ऐकू येतं.
शाल्मलीला तेवढंच हवं होतं.

पहिलं नाटक नव्या जावयासारखं
झपझप आत आलं, पाटावर बसलं.
चाळीस मिनिटं बाकी, असं पडद्यावर उमटलं.
दुसऱ्याला धाप लागली.
तिसऱ्यावर हिरवी पट्टी जी थांबली
ती शाल्मलीनं बॅग भरली, उपसली,
लोणच्याची बरणी कुठे ठेवायची यावरून
आमचं भांडण होऊन मिटलं, तरी तिथेच.
तीन तास बाकी.
मग तेरा.
मग एक दिवस.
मध्येच एकदा चक्क चार मिनिटं,
आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या चपला शोधायला धावलो.
परत येऊन पाहतो तर दोन दिवस.

हात लावला. तापलेलं कपाळ.

"काढ ते धूड," शाल्मली म्हणाली,
"दोनशे वीस रुपयांत कोण धावतं?"

आई हाताला तेल चोपडून गराडू चिरत होती.
"ओरडू नका त्याच्यावर.
अडलेल्याला अख्खं वाक्य द्यायचं नसतं,
पहिला शब्द द्यायचा
आणि थांबायचं.
ढवळीकर बँकेतून थेट यायचे,
कॅश जुळलेली नसायची,
दर वर्षी नाटक वेगळं, अडायचे मात्र दुसऱ्याच अंकात.
एकदा, 'दिवा मी नाही विझवला…'
आणि पुढे ठार काळोख.
'तेलच', म्हटलं मी. एवढंच.
मग असे काही बोलले की टाळ्या पडल्या.
त्यांना."

ते शेवटचं तिनं सुरी पुसता पुसता म्हटलं
आणि कढईखालचा गॅस मोठा केला.
गराडू तळून झाले, मसाला भुरभुरला,
आम्ही बोटं भाजत खाल्ले.
पट्टीकडे कुणी पाहिलं नाही बराच वेळ.

आठला तिला काय झालं कोण जाणे,
एकदम सुटली, शंभर टक्के, खलास.
अकराच्या अकरा नावं, सालांसकट.
मला तेव्हाच शंका यायला हवी होती.
तीन इमलीला बस गाठली, हात हलवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन.
नावं आहेत सगळी, उघडतात दोनच.
तिसरं पहिल्या अंकानंतर दगड.
बाकीच्यांवर टिचकी मारली की
पडदा काळा, आणि काळाच.
चौसष्टच्या पोटात जागा आठाचीच होती.
पुढचं सगळं त्यानं हो हो म्हणत
कुठेच लिहिलं नव्हतं.

"लॅपटॉपवर आहे गं सगळं," मी सांगत होते,
"चांगल्या कंपनीचा घेऊन कुरिअर करते,"
पण तिकडून, "आईला दे."

आईनं तेलकट हात पदराला पुसला.
"कुठपर्यंत आलंय?" विचारलं.
ऐकून घेतलं, मान हलवली.
मग माझ्याकडे पाठ करून
तळहाताचा आडोसा केला फोनला,
पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये इतक्या आवाजात
एक शब्द दिला

आणि थांबली.